मागल्या दाराची लस

झाम्फिरा नर्सने दवाखान्याच्या मागल्या दाराला खिळे ठोकले, तो मंगळवार होता. मंगळवारी स्कोरुशेनीत पावाची गाडी येते आणि ती बरोबर दवाखान्यासमोर उभी राहते, म्हणजे निम्मं गाव त्या वेळी तिथेच होतं. ठोकाठोकी ऐकून म्हातारा नेलू रांगेतून ओरडला, "काय गं झाम्फिरा, कुणाची शवपेटी बनवतेस?"

"गावाच्या अकलेची," आतून उत्तर आलं. "लाकूड फार लागणार नाही."

रांगेत हशा पिकला. टोमणा आपल्याला नाही, शेजाऱ्याला मारलाय, असं समजून हसण्याची कला त्या गावाला चांगली जमते. झाम्फिराने सात खिळे ठोकले. दोन वाकले, ते तसेच आडवे मारून बसवले, हातोडी इंजेक्शनच्या कपाटात ठेवली आणि ती लसीच्या फ्रिजचं तापमान वहीत लिहायला बसली.

तिचं वय तेव्हा साठ. दोन टेकड्यांपलीकडच्या एका विहीर खोदणाऱ्याची ही मुलगी. बर्लादच्या नर्सिंग शाळेत शिकली आणि विसाव्या वर्षी सरकारी हुकमाने स्कोरुशेनीत येऊन पडली. 'पडली' हा तिचाच शब्द. तेव्हा रुमानियात सगळंच हुकमाने चालायचं, लससुद्धा. शाळेच्या पटांगणात पोरांना बाह्या वर करून उभं करायचे आणि झाम्फिरा रांगेने टोचत जायची. गावाचा तेव्हा लसीवर विश्वास होता की नव्हता, हे कुणी विचारलंच नव्हतं. हिवाळ्यात लांबच्या वस्त्यांवर ती घोडा जुंपलेल्या घसरगाडीतून जायची. काही लसी गोठल्या की वाया जातात, म्हणून लसीची पिशवी कोटाच्या आत पोटाशी धरायची. बायका म्हणायच्या, नर्सला दिवस गेलेत. दिवस तिला कधीच गेले नाहीत. नवरा ट्रॅक्टरवाला होता आणि आलुबुखाराच्या दारूवर त्याचं बायकोपेक्षा जास्त प्रेम होतं. पन्नाशी न गाठताच तो गेला. झाम्फिरापाशी उरला दवाखाना, तो फ्रिज आणि एक जीभ.

मग क्रांती झाली, हुकमाचं राज्य गेलं. गावाला स्वातंत्र्य मिळालं, आणि त्याचा अर्थ गावाने असा लावला की आता प्रत्येक जण डॉक्टर. पुढे खिशात फोन आले तेव्हा हेच लोक प्राध्यापक झाले. ज्याला आपल्या डुकराला जुलाब कशाने झाले ते सांगता येत नव्हतं, तो लसीत काय काय घालतात ते पावाच्या रांगेत उभं राहून सांगू लागला. मंत्रालयाने यावर उपाय म्हणून भित्तिपत्रकं पाठवली. त्यांवर सोनेरी केसांचं, सरळ दातांचं एक कुटुंब लसीकडे बघून हसत होतं. त्या पत्रकांचा गावाला उपयोग झाला. मागची बाजू कोरी होती. तिच्यावर 'टोमॅटोची रोपं मिळतील' असं लिहून लोकांनी ती आपापल्या फाटकांवर लावली.

दवाखान्याला दारं दोन. समोरचं दार आजाऱ्यांसाठी. मागलं दार जर्दाळूच्या झाडांत उघडायचं आणि ते कामांसाठी होतं. आजारी नसताना आजारपणाचा दाखला हवा असला, की माणूस मागून यायचा, काखेत चीजचा गोळा घेऊन. नंबर नसताना तपासून हवं असलं, तर अंडी. मोठ्या कामाला कोंबडा, आणि त्याहून मोठ्या कामाला चॉकलेटचा खोका. हा खोका खाण्यासाठी नसतो. तो मिळालेला माणूस तो कपाटावर ठेवतो आणि पुढे त्याचं काम निघालं की दुसऱ्याला नेऊन देतो. झाम्फिराने सात-आठ वर्षांपूर्वी अशाच एका खोक्याच्या तळाला पेनने बारीक फुली मारून ठेवली होती. तो खोका तिच्याकडे आजवर चारदा आला आणि तिने चारही वेळा परत पाठवला. मधल्या काळात तो तलाठी कचेरीत, शाळेत आणि पाद्रीबाबांच्या घरीसुद्धा राहून आला होता. आतल्या चॉकलेटांची मुदत कधीच संपली होती. ती उघडून बघण्याइतकं मूर्ख गावात कुणी नव्हतं, आणि इतकं शहाणंही.

अलीकडे मागल्या दाराने एक नवीन काम यायला लागलं होतं. गावातल्या निम्म्या तरुण बायका इटलीत म्हातारेकोतारे सांभाळायला गेलेल्या. त्यांची पोरं इथे आज्यांकडे. पोरांना तिकडे न्यायचं म्हटलं की तिथली बालवाडी लसीचा कागद मागते. आज्यांना कागद हवा, लस नको. म्हणून त्या झाम्फिराला सांगायच्या, लस बेसिनमध्ये ओता आणि पुस्तिकेत टोचली म्हणून लिहा. गावात याला 'बेसिनची लस' असं रीतसर नावच पडलं होतं. शहरात काही जण ती देतात असं ऐकिवात होतं. झाम्फिरा देत नसे.

आणि सप्टेंबरात एक दिवस मागल्या दारात आग्लाया उभी राहिली.

आग्लाया म्हणजे चौदा पोरांची धर्मआई. त्या मुलखात बाप्तिस्म्याला जी बाई मूल हातात घेते ती त्याची जन्माची धर्मआई होते, आणि तिचा शब्द सख्ख्या आजीच्या शब्दापेक्षा वरचढ. पोराला कधी अंगावरून तोडायचं, टोपी कुठल्या रंगाची घालायची, सगळं धर्मआईला विचारून. या चौदा जणांना तिने लसीपासून लांब ठेवलं होतं. चर्चबाहेर, बाकावर, विहिरीपाशी ती एकच गोष्ट सांगायची आणि लोक ऐकायचे, कारण आग्लाया कुणाचं वाईट चिंतणारी बाई नव्हती. कुणाच्या घरी मूल आजारी असलं तर पहिला सुपाचा डबा तिचाच. एवढ्या चांगल्या बाईने इतकं चुकीचं बोलावं, याचा झाम्फिराला विशेष राग होता.

एका हातात पाय बांधलेला कोंबडा आणि दुसऱ्या हातात चॉकलेटचा खोका घेऊन आग्लाया म्हणाली, "झाम्फिरा, एक काम होतं."

"मागून आलीस म्हणजे कामच असणार."

"आमच्या इलिंकाला मिरेला घेऊन जाणार आहे उन्हाळ्यात. तोरिनोच्या बालवाडीला लसीचा कागद लागतो म्हणे. तेवढं लिहून दे ना." मिरेला ही आग्लायाची मुलगी आणि इलिंका मिरेलाची, सव्वा वर्षाची.

"देते. घेऊन ये तिला."

"तसं नाही गं. टोचायचं नाही. तुझ्याकडे बेसिन आहे ना?"

"आग्लाया, हे बेसिन चाळीस वर्षं इथे आहे. त्याला एकदाही गोवर झालेला नाही. त्याला लस कशाला?"

"थट्टा नको करूस. टोचलेली पोरं बघितलीत मी. हाक मारली तरी वळून बघत नाहीत. आपली बसून राहतात भिंतीकडे बघत."

"कुठे बघितलीस?"

"फोनवर."

"आणि मिरेलाला मी ह्याच खोलीत टोचलं, तू तिचे पाय धरले होतेस. ती नाही का गं वळून बघत?"

"तेव्हाच्या लसी वेगळ्या होत्या."

"हो ना. आयासुद्धा वेगळ्या होत्या, त्यांच्या डोक्यात थोडं तरी काही होतं." बोलता बोलता झाम्फिराने खोका उलटा केला. तळाला फुली होती. "अगंबाई, आलास का परत? बस, दमला असशील." तिने खोका आग्लायाच्या काखेत खुपसला, कोंबड्याच्या पायाची दोरी सोडली आणि दोघांनाही जर्दाळूच्या झाडांत हाकललं. कोंबडा समोरच्या रस्त्याने ओरडत घरी गेला. आग्लाया मागच्या रस्त्याने गेली, आणि ती काही ओरडली नाही, पण संध्याकाळपर्यंत नर्सचं डोकं फिरल्याची बातमी गावभर झाली. त्याच्या पुढच्याच मंगळवारी झाम्फिराने खिळे ठोकले.

*

फेब्रुवारीत टेकडीपलीकडच्या गावात गोवर आला. आधी दोन पोरं, मग एका आठवड्यात अकरा. स्कोरुशेनीने यावर आपल्या परीने इलाज केला. बायकांनी पोरांच्या मनगटांवर लाल दोरे बांधले, आणि ज्यांनी आधीच बांधले होते त्यांनी दुसरा बांधला. नेलूने रांगेत सांगितलं की लहानपणी गोवर त्यालाही झाला होता आणि त्याला काहीसुद्धा झालं नाही. त्याच्याबरोबर ज्या पोरांना काही झालं होतं ती काही सांगायला रांगेत उभी नव्हती.

डॉक्टर तुदोसे मंगळवारी आणि शुक्रवारी गाडीने यायचे. त्या शुक्रवारी ते तीनपर्यंत थांबले होते, कारण कॉफी गरम होती आणि बाहेर बर्फ पडत होता. झाम्फिरा फ्रिज पुसत होती. तेवढ्यात मागल्या दारावर कुणीतरी धडका मारल्या. दार हललं नाही. मग खिडकीच्या काचेवर थापा पडल्या. तिने खिडकी उघडली. बाहेर आग्लाया होती, शालीत गुंडाळलेल्या इलिंकाला छातीशी धरून.

"दार उघड ना! काय मेले खिळे मारून ठेवलेत."

"कोंबडे येतात गं मागून."

"झाम्फिरा, हिला टोच."

"बेसिनला ना?"

"हिला. खरंखुरं." आग्लायाने कोटातून एक घडी केलेला कागद काढला. "ही मिरेलाची सही. तोरिनोच्या बसवाल्याबरोबर काल आलाय कागद. रोज फोनवर रडते पोरगी. पलीकडच्या गावची पाच पोरं रुग्णालयात आहेत. एकाला श्वास घेता येत नाही, नळी घातलीय. मी बघून आले काल, सूप घेऊन गेले होते."

म्हणजे बाईने फोन सोडून एकदाचं डोळ्यांनी बघितलं होतं. इलिंकाने शालीतून हात बाहेर काढून खिडकीच्या चौकटीवरचं बर्फ खरवडलं आणि तोंडात घातलं. झाम्फिराने तिच्या हातातलं बर्फ झटकलं. फ्रिजमध्ये लस होती, डॉक्टर आत होते, सहीचा कागद समोर होता. दोन मिनिटांचं काम.

"समोरून ये," झाम्फिरा म्हणाली.

"अगं, समोरच्या बाकावर तिघी बसल्यात. त्यातल्या दोघींची पोरं माझी धर्माची आहेत."

"मग तर फारच छान. त्याही लगेच येतील उठून."

"काय तोंड दाखवू मी त्यांना? ह्याच तोंडाने त्यांना नको म्हणून सांगितलंय."

"हेच दाखव. दुसरं कुठून आणणार आता?"

कॉफीचा कप घेऊन डॉक्टर दारापाशी आले. "काय झालं, नर्सबाई?"

"आग्लायाला नातीला लस द्यायचीय, डॉक्टर. पण चोरून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण."

"मग खिडकीतून आत घ्या मुलीला आणि टाका टोचून. काय बिघडतं?"

"बिघडतं. हिच्या एका शब्दावर चौदा पोरं बिनलसीची बसलीत. पलीकडून गोवर इथे यायला एक पाहुणा पुरे. ही एकदा समोरून पायरी चढली की चौदाच्या चौदा पोरं माझ्या दारात येतील. नाहीतर ही टोचून घेऊन बाकावर जाऊन बसेल आणि पुन्हा तेच सांगेल."

"खरंय तुमचं," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी इलिंकाकडे पाहिलं. "पण हिचंही खरंय." समोरचा जो बोलेल त्याचं डॉक्टर तुदोसेंना खरं वाटायचं, आणि म्हणूनच तीन गावं त्यांच्यावर खूश होती. "तुम्हा दोघींचं तुम्ही बघा. मी तोवर गाडीवरचं बर्फ काढतो," असं म्हणून ते गेले.

झाम्फिराचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. हीच खरी पंचाईत. चाळीस वर्षं ती या गावाच्या मागल्या दाराने आलेल्या गोष्टी परत पाठवत होती, आणि आज गावातली सगळ्यांत ताठ मान तिच्या खिडकीखाली वाकली होती. तिला ते गोड लागलं. पुढे हे तिने कुणालाही सांगितलं नाही, पण लागलं. आणि गोड लागलं म्हणूनच तिने आणखी एक घास मागितला.

"असं कर," ती म्हणाली, "आज नकोच. मंगळवारी ये. दहा वाजता, पावाची गाडी उभी असताना. सगळ्यांसमोर पायरी चढ आणि मोठ्याने सांग, नातीला लस द्यायला आणलीय म्हणून. मी दार उघडून उभी राहते."

आग्लायाने सहीचा कागद परत कोटात घातला. "तुला लस द्यायची नाहीये," ती म्हणाली, "तुला तमाशा करायचाय."

"तमाशा तू केलास. मी नुसतं तिकीट लावलंय."

आग्लायाने शाल इलिंकाच्या डोक्यावरून ओढली आणि ती जर्दाळूच्या झाडांतून निघून गेली. झाम्फिराने खिडकी लावली. तिला वाटलं, येईल. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण सुंभ अजून जळायचा होता, नुसता धूर दिसत होता. मंगळवारी ही येणारच.

मधे रविवार होता. रविवारी आग्लायाच्या चौदापैकी सर्वांत धाकट्याचं जावळ होतं. वर्षाचं मूल झालं की धर्मआईने त्याची पहिली बट कापायची आणि मग त्याच्यापुढे एक तबक धरायचं. त्यात फणी, पुस्तक, आरसा, लाकडी चमचा असं काय काय ठेवतात, आणि मूल जे उचलेल तसं त्याचं पुढे होणार असं मानतात. धर्मआईच नाही म्हटल्यावर जावळ होत नाही. आग्लायाला जावंच लागलं, आणि घरी दुसरं कुणी नव्हतं म्हणून इलिंकाला कडेवर घेऊन जावं लागलं. घरभर माणसं, भट्टीची धग, कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याची पातेलीच्या पातेली. तबकात कुणीतरी थट्टेने एक रिकामी सिरिंज ठेवली होती. पोराने नेमकी तीच उचलली आणि घर हसून हसून बेजार झालं. कुणीतरी ओरडलं, "झाम्फिराला सांगा गं, वारस मिळाला!" त्या दिवशी तिथे न हसलेली एकच बाई होती. तिने पोराच्या हातातून सिरिंज काढून घेतली आणि चमचा दिला.

त्या गर्दीत टेकडीपलीकडून आलेली एक मावशी होती, आपल्या शेंबड्या, डोळे लाल झालेल्या लेकीला घेऊन. "जरा सर्दी झालीय," असं ती सगळ्यांना सांगत होती. त्या लेकीने इलिंकाला आपल्या हातातला अर्धा पाव खायला दिला.

मंगळवारी झाम्फिराने नवा एप्रन घातला. दहाला दार सताड उघडून ती पायरीवर उभी राहिली. पावाची गाडी आली, रांग लागली, नेलूने विचारलं, "कुणाची वाट बघतेस गं, मंत्री येणारे का?" "मंत्री तुझ्यासारखाच, नुसतंच बोलतो," ती म्हणाली. गाडी गेली. रांग गेली. बर्फाचा लोट दारातून आत येऊन लादीवर वितळला, आणि साडेअकराला डॉक्टर आतून म्हणाले की थंडी वाजतेय, दार लावलं तर बरं.

*

इलिंकाला ताप आला तो जावळानंतर अकराव्या दिवशी. मग पुरळ, मग कान वाहायला लागले, मग ताप डोक्यात गेला. जिल्ह्याच्या रुग्णालयात ती पाच आठवडे होती. मिरेला तोरिनोहून आली आणि कॉटखाली गोधडी टाकून झोपली. आग्लाया बाहेरच्या बाकावर. झाम्फिरा एकदा बसने तिथवर गेली, फाटकापाशी उभी राहिली आणि आत न जाता त्याच बसने परत आली. आयुष्यभर ती लोकांना भित्रे म्हणत आली होती, त्यामुळे या गोष्टीला काय म्हणायचं ते तिला शोधावं लागलं नाही.

"शुक्रवारी टोचलं असतं तर बहुधा लागण झालीच नसती," डॉक्टर तुदोसे एक दिवस फाइल चाळताना म्हणाले. "किंवा झाली असती तरी हलकी. बहुधा." मग झाम्फिराच्या चेहऱ्याकडे बघून घाईने म्हणाले, "तुमचंही खरंच होतं म्हणा." तिने त्यांच्या हातातला कॉफीचा कप काढून घेतला आणि धुवायला नेला. तो अजून अर्धा भरलेला होता.

त्याच दुपारी तिने हातोडी काढली आणि मागल्या दाराचे खिळे उपटले. वाकलेले दोन निघेनात, तेव्हा लाकूडच फोडलं. रांग नव्हती, त्यामुळे कुणाची शवपेटी म्हणून विचारायला कुणी नव्हतं.

दार उघडलं आणि दोन दिवसांत त्यातून गाव आत यायला लागलं. बैल गेला नि झोपा केला, पण केला. पहिली आली ती ज्या घरात जावळ झालं त्या घरची सून, डोक्यावरून रुमाल ओढून, पोराला कोटाखाली लपवून. "नर्सबाई, खरी लस द्या, पण कुणाला सांगू नका हं. सासूबाईंना कळलं तर जीव घेतील माझा." दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या, लेकीच्या धाकट्याला घेऊन. "सुनेला कळू देऊ नका." नेलूसुद्धा आला, आपल्या पणतीला पावाच्या पिशवीत बसवून. "गाव फार वाईट, झाम्फिरा. लोक नावं ठेवतात," तो म्हणाला. "हो ना," ती म्हणाली, "कोण ठेवतं कोण जाणे." तीन आठवड्यांत त्या दाराने सव्वीस पोरं टोचून गेली. आणणाऱ्या प्रत्येकाला वाटत होतं की आपणच एकटे. पावाच्या रांगेत अजूनही लसीवर कुणाचा विश्वास नव्हता. फुली मारलेला खोका त्या महिन्यात दोनदा येऊन गेला, आणि दुसऱ्यांदा झाम्फिराने तो चुलीत घातला. आग्लायाच्या चौदा पोरांपैकी तेरा मागून आली. चौदावं आधीच फ्रान्सला गेलं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर झाम्फिराला बरं वाटलं असतं. हवं ते तिला मिळालं होतं. फक्त ज्या दाराने मिळवायचं नाही म्हणून तिने एवढं केलं, त्याच दाराने मिळालं होतं.

मे महिन्यात, एका मंगळवारी, पावाची गाडी उभी होती. झाम्फिरा मागल्या खोलीत पुस्तिका लावत होती. अचानक बाहेरची बडबड थांबली. मंगळवारच्या रांगेची बडबड अशी थांबत नाही. ती पुढच्या खोलीत आली. समोरच्या दाराला कडी होती. सगळं गाव मागून यायला लागल्यापासून ते ती डॉक्टर आल्यावरच उघडायची, आणि डॉक्टर आज अजून यायचे होते. तिने कडी काढली.

पायरीवर आग्लाया उभी होती. डोक्यावर रविवारचा रुमाल, कडेवर इलिंका. मागे रांग.

"नातीला लस द्यायला आणलीय," आग्लाया म्हणाली. मोठ्याने म्हणाली, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. "गोवर होऊन गेला. घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, जे जे राहिलं असेल ते सगळं दे." मग तिने आवाज खाली आणला, फक्त झाम्फिरापुरता. "दहा वाजलेत. गाडी उभी आहे. तुला हवं होतं तसं आले. बघ पोटभर."

झाम्फिराने दार सताड उघडलं. ती बाजूला झाली. आग्लाया आत आली आणि तिने इलिंकाला टेबलावर बसवलं. मुलगी वाढली होती, गाल भरले होते. मनगटावर दोरा नव्हता. ती भिंतीवरच्या पत्रकाकडे, त्या सोनेरी केसांच्या कुटुंबाकडे बघत बसली.

"इलिंका," झाम्फिराने हाक मारली.

मुलीने वळून पाहिलं नाही.

"इलिंका!"

दारातून रांग आत बघत होती. आग्लायाने मान खाली घातली. "डाव्याने काहीच ऐकू येत नाही," ती म्हणाली. "उजव्याने थोडं येतं, अगदी जवळ जाऊन बोललं तर."

झाम्फिराने हात धुतले. फ्रिज उघडून कुपी काढली, मुदत वाचली, सुई लावली. हे सगळं तिने बेसिनकडे पाठ करून केलं. मग ती टेबलाला वळसा घालून मुलीच्या उजव्या बाजूला गेली आणि दुखरे गुडघे मोडून लादीवर बसली, तोंड त्या लहानशा कानापाशी येईल इतकी खाली.

"थोडंसं दुखेल हं," ती म्हणाली.